कैसरचा अंगरक्षक की एक वर्षाचा शिपाई?

वाचकांचे प्रश्न : जुनी छायाचित्रे, जुने कागद

प्रश्न : माझे पणजोबा १९२०च्या दशकात रंगरसायनांचे शिक्षण घेण्यासाठी जर्मनीला गेले आणि परतताना जर्मन पत्नीसह बडोद्याला आले. पणजीने पुढचे सारे आयुष्य दांडिया बाजारातल्या आमच्या घरात काढले. तिच्या ट्रंकेत तिच्या वडिलांचा लष्करी गणवेशातला एक फोटो मिळाला आहे. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असून त्याच्या मागे कोलोन शहराचा पत्ता छापला आहे. छायाचित्रकाराचे नाव पुसट झाले आहे. पणजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्या नोंदीनुसार तिच्या वडिलांचा जन्म १८७० सालचा, कोलोनचाच. फोटोत विशीतला एक तरुण उभा आहे. कोट गडद, एका रांगेत बटणे, कॉलर कोटाहूनही गडद, खांद्यावरच्या पट्ट्या जवळजवळ पांढऱ्या आणि त्यांच्या कडेने काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचा पीळ. पट्टीवर दोन आकडे आहेत; पहिला ६ आहे, दुसरा झिजला आहे, तो ५, ६ किंवा ९ असावा. बाहीच्या टोकाला तीन बटणांची उभी पट्टी आहे. शेजारच्या तिपाईवर टोकदार शिरस्त्राण ठेवले आहे, त्यावर गरुड आहे. घरात कोणी म्हणते ते कैसरचे अंगरक्षक होते, तर धाकटे काका म्हणतात जनरल होते. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले असेही सांगतात. भाच्याने मोबाइलवर फोटो रंगीत करून घेतला, त्यात कोट हिरवट आणि खांदपट्ट्या पांढऱ्या आल्या. त्यांचा हुद्दा, पलटण आणि फोटोचे साल कळू शकेल काय? त्यांची सेवानोंद कोठे मिळेल?
— एक वाचक भगिनी, बडोदे

उत्तर : आपण फोटोच्या दोन्ही बाजूंच्या प्रती पाठवल्यात आणि खांदपट्टीचा भाग वेगळा मोठा करून पाठवलात, त्यामुळे उत्तराचा बराचसा भाग खात्रीने देता येतो. आपले खापरपणजोबा जनरल नव्हते आणि अंगरक्षकही नव्हते. ते प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, पायदळात ‘एक वर्षाचे स्वयंसेवक’ होते, आणि त्यांची पलटण बहुधा कोलोनमधली ६५ क्रमांकाची पायदळ रेजिमेंट होती. हे कशावरून ठरते ते सविस्तर सांगतो, कारण अशा फोटोंबद्दल विचारणारी पत्रे अधूनमधून येतात आणि बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते.

ती चूक रंगांची आहे, म्हणून प्रथम भाच्याने करून घेतलेली रंगीत प्रत बाजूला ठेवावी. मोबाइलमधल्या सोयीला रंग ठाऊक नसतात. करड्या छटेवरून ती अंदाज बांधते, आणि त्या काळातल्या काचेच्या प्लेटवरच्या करड्या छटा आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेड-अंधाराशी जुळत नाहीत. साधी प्लेट निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत असे, तर लाल आणि पिवळ्याला जवळजवळ देतच नसे. बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली रंगद्रव्ये मिसळून प्लेटची ही उणीव कमी करता येते हे दाखवून दिले. तरीही सर्व रंगांना सारखा न्याय देणाऱ्या प्लेटा बाजारात यायला विसावे शतक उजाडले आणि गावोगावचे स्टुडिओ बराच काळ साध्या प्लेटाच वापरत राहिले. त्यामुळे अशा फोटोत फिकट निळे कापड पांढरे दिसते, लाल कापड काळे दिसते आणि पिवळे कापडही आपण कल्पना करू त्याहून कितीतरी गडद उमटते.

आता आपला फोटो पुन्हा पाहा. कॉलर कोटाहून गडद आहे असे आपण लिहिता, आणि ते निरीक्षण अगदी बरोबर आहे. प्रशियाच्या पायदळाचा कोट गडद निळा आणि कॉलर लाल असे. डोळ्यांना लाल कॉलर उठून दिसली असती, पण प्लेटवर निळा कोट थोडा उजळला आणि लाल कॉलर काळी पडली. कॉलर खरोखरच काळी असती तर तोफखाना किंवा सुरुंग-पूल बांधणारे पायोनियर यांचा विचार करावा लागला असता. परंतु तोफखान्याच्या खांदपट्टीवर पेटत्या गोळ्याचे चिन्ह असते, ते येथे नाही, आणि पायोनियरांच्या बाहीवर तीन बटणांची उभी पट्टी नसे. ही उभी पट्टी प्रशियाच्या बहुसंख्य पायदळ रेजिमेंटांची खूण होती आणि तिला ब्रांडेनबुर्गी कफ म्हणत. हिरवट कोटाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. करड्या-हिरव्या रंगाचा रणवेश प्रशियाच्या सैन्यात १९१०च्या सुमारास आला, आणि हा फोटो त्याहून पुष्कळ जुना आहे.

खांदपट्टीकडे थोडे अधिक बारकाईने पाहावे लागेल. प्रशियाच्या पायदळात पट्टीचा रंग सैनिक ज्या आर्मी कोअरमध्ये, म्हणजे अनेक रेजिमेंटांच्या मोठ्या दलात, असे तिच्यावरून ठरे : पांढरा, लाल, पिवळा किंवा फिकट निळा. पट्टी पांढरी, पिवळी किंवा फिकट निळी असेल तर तीवरचा आकडा लाल दोऱ्याने भरलेला असे आणि पट्टी लाल असेल तर आकडा पिवळा असे. आपल्या फोटोत पट्टी फिकट आणि आकडे गडद आहेत. म्हणजे पट्टी पांढरी किंवा फिकट निळी होती, लाल किंवा पिवळी नक्कीच नव्हती, कारण लाल पट्टीवरचा पिवळा आकडा या प्लेटवर गडदावर गडद असा उमटून वाचताच आला नसता. आता दुसऱ्या आकड्याची अडचण सुटते. ६६ क्रमांकाची रेजिमेंट माग्देबुर्गची, चौथ्या कोअरमधली, तिची पट्टी लाल. ती बाद झाली. उरल्या ६५ आणि ६९. या दोन्ही ऱ्हाइनलंडच्या, म्हणजे ऱ्हाइन नदीकाठच्या प्रांताच्या, रेजिमेंटा आठव्या कोअरमधल्या, आणि आठव्या कोअरची पट्टी फिकट निळी. ६९ क्रमांकाची रेजिमेंट त्रियर येथे असे आणि ६५ क्रमांकाची, म्हणजे पाचवी ऱ्हाइनिश पायदळ रेजिमेंट, कोलोनमध्ये. सैनिक सहसा आपल्या छावणीच्या गावातच फोटो काढून घेत. आपल्या फोटोच्या मागचा पत्ता कोलोनचा आहे आणि जन्मही कोलोनचा. म्हणून मी ६५ धरतो. ६९ची शक्यता संपूर्ण पुसली गेली असे म्हणणार नाही, कारण रजेवर घरी आलेला तरुण घराजवळच्या स्टुडिओतही जाऊ शकतो, पण पारडे ६५कडे स्पष्ट झुकते.

हा आकडाच अंगरक्षकाच्या कथेला छेद देतो. प्रशियाच्या गार्ड पायदळ रेजिमेंटांच्या खांदपट्टीवर क्रमांक नसे, त्यांच्या कॉलरवर आणि कफवर फितीच्या जोडपट्ट्या असत आणि शिरस्त्राणावरच्या गरुडाच्या छातीवर तारा असे. यांतले एकही चिन्ह येथे दिसत नाही. जनरलची कथा तर वयावरच अडते. शिवाय कोणत्याही अधिकाऱ्याच्या खांद्यावर चांदीच्या दोऱ्याचे विणकाम असते, अशी कापडी पट्टी नसते.

मग कडेने गेलेला तो पीळ कशाचा? फोटोतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे, आणि आपण ती पत्रात नेमकी टिपलीत याचे मला कौतुक वाटते. काळ्या-पांढऱ्या, म्हणजे प्रशियाच्या राज्यरंगांच्या दोऱ्यांचा गोफ खांदपट्टीच्या कडेने शिवलेला असेल तर तो सैनिक ‘एक वर्षाचा स्वयंसेवक’ समजावा. त्या काळी प्रशियात लष्करी सेवा सक्तीची होती. पायदळात १८९३ पर्यंत तीन वर्षे आणि त्यानंतर दोन वर्षे. माध्यमिक शाळेच्या ठरावीक इयत्ता उत्तीर्ण होऊन दाखला मिळवलेल्या तरुणाला मात्र स्वतःहून भरती झाल्यास एकाच वर्षाची सेवा करून मोकळे होता येई. अट अशी की गणवेश, साहित्य, जेवण आणि राहणे या सर्वांचा खर्च त्याने स्वतः करायचा. साहजिकच ही सवलत व्यापारी, प्राध्यापक, वकील, कारखानदार अशा सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांच्याच वाट्याला येत असे. आपल्या फोटोतला कोट अंगावर नेमका बसला आहे आणि कफच्या कडा सरळ आहेत, हे सरकारी गोदामातल्या कपड्याचे लक्षण नाही; तो शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेला दिसतो. रेजिमेंट निवडण्याची मोकळीकही या तरुणांना असे. विद्यार्थी बहुधा विद्यापीठाच्या गावची रेजिमेंट घेत, पण कोलोनचे जुने विद्यापीठ १७९८ मध्ये बंद पडले होते आणि ते पुन्हा १९१९ मध्ये सुरू झाले. म्हणून कोलोनची रेजिमेंट घेणारा हा तरुण तिथे शिकायला आलेला नसून त्याच शहरातला असावा, आणि हे आपल्या जन्मनोंदीशी जुळते. पणजीच्या माहेरचा व्यवसाय घरात कोणाला ठाऊक असेल तर तो नोंदवून ठेवावा.

‘अंगरक्षक’ आणि ‘जनरल’ ही बिरुदे घरात कशी आली असतील याचा अंदाज करता येतो. एक वर्ष पूर्ण केलेला स्वयंसेवक पुढे शिबिरे आणि परीक्षा देऊन राखीव सैन्यात अधिकारी होऊ शकत असे, आणि जर्मन मध्यमवर्गात राखीव लेफ्टनंट असणे ही मोठीच मानाची गोष्ट समजली जाई. लग्नपत्रिकेतही तो हुद्दा लिहीत. आपले खापरपणजोबा पुढे राखीव अधिकारी झाले असतील तर काकांच्या म्हणण्यात निदान मूळ धागा तरी खरा ठरेल. ते या फोटोवरून कळणार नाही, पण तपासता येईल.

साल ठरवण्यासाठी शिरस्त्राण उपयोगी पडते. चामड्याचे हे टोकदार शिरस्त्राण, जर्मन लोकांचे पिकेलहाउबे, प्रशियात १८४२ साली आले आणि त्यात वेळोवेळी बदल होत गेले. आपल्या प्रतीत हनुवटीखालून जाणारा पट्टा साधा चामड्याचा आहे. त्याआधी साध्या शिपायांनाही पितळी खवल्यांची पट्टी असे. पायदळात चामडी पट्टा १८८०च्या दशकाच्या अखेरीस आला. म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. तो कोणत्या सालानंतरचा नाही हे शिरस्त्राणावरच्या गोल बिल्ल्याने कळते. २२ मार्च १८९७ रोजी, सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, सर्व जर्मन सैनिकांना साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल बिल्ला देण्यात आला. तो शिरस्त्राणाच्या उजव्या बाजूला लावायचा आणि आधी तिथे असलेला राज्याचा बिल्ला डाव्या बाजूला न्यायचा, असे ठरले. म्हणजे त्या तारखेआधी बिल्ला फक्त उजवीकडे आणि नंतर दोन्हीकडे. उजवीकडचा बिल्ला कोणता हे फोटोवरून ओळखू पाहणाऱ्यांची येथे फसगत होते, कारण मधला लाल ठिपकाही काळाच उमटतो आणि प्रशियाचा काळा-पांढरा-काळा बिल्ला हुबेहूब तसाच दिसतो. सुदैवाने आपल्या फोटोत शिरस्त्राण किंचित वळवून ठेवले आहे, आणि ते घालणाऱ्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. तिथे पट्ट्याचा खुंट दिसतो, बिल्ला दिसत नाही. फोटो उलटा छापलेला नाही हे आकड्यांच्या दिशेवरून कळतेच. तेव्हा फोटो १८८७ ते १८९७ यांच्या दरम्यानचा ठरतो, आणि जन्मसाल १८७० लक्षात घेता १८९० ते १८९४ हा काळ सर्वांत संभाव्य वाटतो. छातीवर पदक नाही, तेही याच्याशी सुसंगत आहे. १८९७ साली सेवेत असलेल्या प्रत्येक सैनिकाला शताब्दीचे पदक मिळाले होते.

पुठ्ठ्याचे माप आपण ११ गुणिले साडेसोळा सेंटिमीटर दिले आहे. हा कॅबिनेट आकार १८६०च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत चालू होता, त्यामुळे त्यावरून सालाबाबत फारसे हाती लागत नाही. मागची बाजू मात्र पुन्हा वाचावी. छायाचित्रकार तिथे प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची चित्रे आणि साले छापत. त्यांतले सर्वांत अलीकडचे साल म्हणजे फोटो त्याआधीचा नाही याची खात्री. पत्त्यातला रस्ता आणि घरक्रमांक कळला तर कोलोनच्या जुन्या पत्ता-पुस्तकांत त्या जागी कोणता स्टुडिओ कोणत्या वर्षी होता ते शोधता येते, आणि यांतली बरीच पुस्तके आता संगणकावर पाहता येतात.

पुसट अक्षरे वाचण्याचा एक सोपा उपाय आहे. फोटो करड्या नव्हे तर रंगीत पद्धतीनेच, निदान १२०० डीपीआयला स्कॅन करावा, आणि मग प्रतिमा-संपादनाच्या कोणत्याही साधनात लाल, हिरवी आणि निळी वाहिनी वेगवेगळी पाहावी. जुना फोटो पिवळसर होऊन फिकटतो तेव्हा उरलेला तपशील निळ्या वाहिनीत सर्वांत ठळक दिसतो. आकड्याचा झिजलेला भाग तिथे पाहिल्यास ५ की ९ हेही कदाचित उलगडेल : ५ असेल तर वरची आडवी रेघ सरळ दिसेल, ९ असेल तर वर बंद वळण असेल. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवण्याचा प्रयत्न मात्र मुळीच करू नये, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात तो काचेला टेकलेल्या चौकटीत ठेवू नये.

आता सेवानोंद. येथे निराशेची तयारी ठेवावी लागेल. प्रशियाच्या सैन्याचे दफ्तर पोट्सडाममध्ये होते आणि १४ एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात ते बहुतांशी जळाले. बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्यूर्टेम्बर्ग यांची लष्करी दफ्तरे म्युनिक, ड्रेस्डेन आणि श्टुटगार्ट येथे बरीच टिकून आहेत, पण आपल्याला त्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर यांच्या फौजा जशा वेगळ्या, तशीच त्या जर्मन राज्यांची सैन्ये आणि त्यांची दफ्तरेही वेगळी होती. (बडोद्याच्या बागा आखणारे गुस्टाफ क्रुंबीगल ड्रेस्डेनजवळ जन्मलेले, म्हणजे सॅक्सनीचे; त्या राज्यातल्या सैनिकाच्या शिरस्त्राणावर गरुड नसून तारा दिसेल. ‘जर्मन’ म्हणजे ‘प्रशियन’ असे धरून चालणारे अनेक जण याच ठिकाणी वाट चुकतात.)

तरीही तीन मार्ग उरतात. पहिला, दरवर्षी छापली जाणारी प्रशियाची अधिकारी-यादी; तीत राखीव अधिकारीही असत, मात्र नोंद बहुधा केवळ आडनावाची असते, म्हणून आडनाव दुर्मीळ असेल तरच ती निर्णायक ठरते. दुसरा, महायुद्धातल्या हताहतांच्या याद्या. १९१४ मध्ये आपले खापरपणजोबा ४४ वर्षांचे होते आणि शेवटच्या फळीची, लांडस्टुर्मची, सेवा ४५ वर्षांपर्यंत लागू होती. तेव्हा युद्धात मृत्यू ही कथा वयामुळे अशक्य ठरत नाही. या याद्यांत नावासोबत जन्मगाव दिलेले असते आणि सुरुवातीच्या वर्षांत तुकडीही. जर्मन वंशावळ-अभ्यासकांच्या संघटनेने त्यांची शोधसूची विनामूल्य खुली केली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. तिसरा मार्ग नागरी नोंदींचा. ऱ्हाइनच्या पश्चिमेकडच्या भागात फ्रेंच अमलापासूनच जन्म, विवाह आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी होत आल्या आहेत, त्यामुळे १८७० चा जन्मदाखला आणि पुढचा विवाहदाखला सापडण्यासारखा आहे, आणि विवाहदाखल्यात व्यवसायही लिहिलेला असतो. कोलोनच्या शहर अभिलेखागाराची इमारत ३ मार्च २००९ रोजी कोसळली हे आपण कदाचित वाचले असेल. तिथले बहुतांश कागद ढिगाऱ्यातून बाहेर काढले गेले आहेत, आणि ऱ्हाइनलंडच्या नागरी नोंदींच्या प्रती राज्य अभिलेखागाराच्या ड्यूसबुर्ग येथील शाखेतही आहेत. पत्र जर्मनमध्ये आणि थोडक्यात लिहावे : पूर्ण नाव, जन्मसाल, धर्मपंथ आणि आपले नाते. प्रार्थनेचे पुस्तक आहे त्या अर्थी कॅथलिक की प्रोटेस्टंट हे आपल्याला त्यावरूनच कळेल, आणि चर्चच्या वह्या शोधताना ते प्रथम लागेल.

प्रश्न : शुक्रवारी बाजारात जर्मन सैनिकाचे एक जुने पोस्टकार्ड मिळाले. त्याच्या शिरस्त्राणावर टोकाऐवजी गोळा आहे. टोक मोडले असेल काय? चेहराही धडाच्या मानाने मोठा वाटतो.
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : टोक मोडलेले नाही. प्रशियाच्या तोफखान्याला टोकाऐवजी गोळाच असे, आणि ही पद्धत १८४०च्या दशकातली आहे. चेहऱ्याबद्दलची आपली शंका रास्त आहे. सेवा संपवून घरी जाणाऱ्या सैनिकांसाठी गणवेश, घोडा, तोफ असे सर्व आधीच छापलेले रंगीत चित्र तयार मिळत असे, आणि त्यात सैनिकाच्या फोटोतला चेहरा कापून चिकटवत. चेहऱ्याच्या कडेला भिंगातून कात्रीची रेघ दिसली तर ते असेच चित्र समजावे. मग त्यातला गणवेश त्या शाखेचा धरता येईल, पण बटण, पदक किंवा कॉलरवरची फीत यांवरून त्या माणसाबद्दल काही ठरवू नये. कार्डाच्या मागची बाजू उभ्या रेघेने दुभागलेली असेल तर ते १९०५ किंवा त्यानंतरचे आहे. त्यावर टपालाचा शिक्का असल्यास त्याचा स्वच्छ फोटो पाठवावा. युद्धकाळातल्या लष्करी टपालाच्या शिक्क्यात कित्येकदा तुकडीचे नाव सापडते.